इंचाला तीनशे

दादांनी टीव्हीचा फोटो काढेपर्यंत झाडाचं काम तसं बरं चाललं होतं. बरं म्हणजे, या घरात एखादं काम जितपत बरं चालू शकतं तितपत.

झाड म्हणजे वंशवृक्ष. रविवारी आप्पांना पंच्याऐंशी पूर्ण होणार होती, हॉल ठरला होता, आणि हॉलच्या समोरच्या भिंतीवर सहा फूट रुंद, चार फूट उंच असं सगळ्या घराण्याचं झाड लावायचं ही कल्पना दादांची. दादा आप्पांचे थोरले चिरंजीव. नोकरीची चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही समोर माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या कपाळावर आकडा शोधायची. झाडाचा पहिला आराखडा त्यांनी फोनवरच केला. प्रत्येकाला क्रमांक दिला. आप्पा एक, माई एक-अ, आणि असं करत करत बहात्तर माणसं. मग तो आराखडा घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, दुरुस्त्या कळवा.

इथेच माशी शिंकली. दुरुस्ती कळवायची म्हणजे एकानं त्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्यायचा, बोटानं त्यावर लाल रेघ ओढायची आणि पुढे ढकलायचा. दुसऱ्यानं त्या स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि आपली हिरवी रेघ ओढायची. अकराव्या फेरीला झाडाचं धुक्यातलं गवत झालं होतं. नावं होती, पण अंदाजानं. तेव्हा ते मधलीच्या हातात आलं, आणि दादा म्हणाले की फार काही करायचं नाही, फक्त जरा मोठं करून दे.

मधली म्हणजे या घराची मधली सून. जिन्याखालच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, एक मोठा पडदा आणि बसलं की कण्हणारी एक खुर्ची, एवढ्या भांडवलावर ती बावीस वर्षं बाटल्यांची लेबलं करत आली होती. शाम्पूची, फिनाइलची, खोकल्याच्या औषधाची. तिला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. चुका करत, छपाईवालीची बोलणी खात ती शिकली. ‘जरा मोठं करून दे’ हे वाक्य तिनं या बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते ऐकताना तिला राग येत नसे, फक्त जांभई येई.

तिनं झाड पहिल्यापासून नव्यानं काढलं. फांद्या काढल्या, नावं टाइप केली, नावांवरून दोन चुलत घरांशी फोनवर हुज्जत घातली. तोवर ठीक होतं, कारण रेघा आणि अक्षरं कितीही ताणली तरी फाटत नाहीत. घोळ चेहऱ्यांचा होता. प्रत्येक नावापुढे दोन इंची गोल, त्यात चेहरा. खोडाशी मात्र आप्पा आणि माई, दहा-दहा इंचांचे. आणि छपाईवालीचा नियम एकच होता. इंचाला तीनशे ठिपके. त्याखाली ती मशीन सुरू करत नसे. म्हणायची, नंतर लोक मला येऊन विचारतात की बाई, आमच्या काकांचा चेहरा धुतल्यासारखा का दिसतो.

दहा इंच गुणिले तीनशे म्हणजे तीन हजार. माईंच्या फोटोत होते चारशे.

पण फोटोचं सांगण्याआधी गेल्या रविवारच्या मतदानाचं सांगायला हवं, कारण मधलीच्या घशात तेव्हापासून काहीतरी अडकून बसलं होतं.

प्रश्न धाकटीचा होता. धाकटी म्हणजे सगळ्यात लहान जाऊ. तीन वर्षांपूर्वी ती लेकीला घेऊन घराबाहेर पडली आणि मागच्या वर्षी कागदोपत्रीही वेगळी झाली. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. धाकटे भाऊजी जहाजावर नोकरीला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि उरलेले तीन महिने झोपेत, एवढंच काय ते कारण. दादांच्या आराखड्यात ती सात-अ होती. तिला झाडात ठेवायचं की नाही, यावर जेवणाच्या टेबलाभोवती चर्चा झाली. थोरल्या वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, विषय काढला आणि काढून झाल्यावर आपण काही काढलंच नाही अशा चेहऱ्यानं चमचे पुसायला घेतले. दादांनी निर्णय दिला की झाड म्हणजे चालू स्थिती. मधलीच्या नवऱ्यानं विचारलं, मग माई? त्या कुठे चालू आहेत? यावर दादा म्हणाले की वारलेली माणसं झाडात राहतात, घर सोडून गेलेली राहत नाहीत. हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला होता, पण सांगितला असा, की जणू खात्याच्या परिपत्रकातच होता. जहाजावरून धाकट्या भाऊजींचा निरोप आला, तुम्ही ठरवाल तसं. मग नाव काढायच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितले.

मधलीचा हात वर गेला. पूर्ण नाही. पण गेला.

आप्पा पलीकडे खिडकीपाशी एका टेबल-घड्याळाचं पोट उघडून बसले होते. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची पंचेचाळीस वर्षं गेली. दुकान बंद झालं तरी हात बंद झाले नव्हते. कानातलं यंत्र त्यांनी काढून ठेवलं होतं. सगळे उठल्यावर त्यांनी ते लावलं आणि मधलीला विचारलं, “सगळे आले ना झाडात?”

हा त्यांचा जन्माचा प्रश्न. गाडीत बसताना, जेवायला बसताना, फोटोला उभं राहताना ते बोटानं माणसं मोजायचे आणि हेच विचारायचे.

“हो आप्पा,” मधली म्हणाली.

हाच तो ‘हो’. तोच घशात बसला होता.

आता माईंचा फोटो. माईंचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे फोटो म्हटलं की त्या ओठ असे मिटायच्या की जणू आत कुणाचं तरी गुपित आहे. आयुष्यभराच्या फोटोंत त्या एकदाच हसल्या, आणि तेही तोंड उघडून, मान मागे टाकून, दातासकट. हा फोटो चार वर्षांपूर्वीचा. दोन वर्षांपूर्वी माई गेल्या, आणि आप्पांना खोडाशी तोच हवा होता, दुसरा कुठलाच नाही.

माई एवढ्या कशाला हसल्या, यावर घरात तीन मतं होती. दादांच्या मते त्यांनी सांगितलेल्या मीटरच्या विनोदाला. वहिनींच्या मते तो विनोद ऐकून माई चार वेळा झोपल्या होत्या, तेव्हा ते शक्य नाही. हसल्या त्या वहिनींनी केलेल्या कुणाच्या तरी नकलेला. मधलीच्या नवऱ्याचं म्हणणं, दादा स्टुलावरून पडले होते. फोटो काढणारीला कुणी विचारलं नव्हतं. फोटो काढला होता धाकटीनं, तिच्या फोनवर. तिथून तो ग्रुपवर आला आणि येताना निम्म्याहून जास्त अंग झडवून आला. मग वहिनींनी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, आणि ग्रुपवरचा जड होतो म्हणून पुसून टाकला. उरले ते चारशे ठिपके. फोनवर छान दिसायचे. दहा इंचांवर ताणले की माई हसतायत की किंचाळतायत ते कळेना.

मधलीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हणाली, लोकरीच्या एका गुंड्यात बाळाचं टोपडं होतं, आप्पांचा स्वेटर होत नाही. तेवढ्याच लोकरीचा स्वेटर विणायला गेलं तर भोकंच भोकं पडणार. वहिनींना पटलं. दादांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, तुमच्या त्या कॉम्प्युटरला जमत नसेल तर तसं सांगा. मोठं करायला लोकर कशाला लागते?

आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी मोठं केलं.

मधलीला फाइल आली ती खरोखर अवजड. ठिपके मोजले तर आठ हजार. तिला क्षणभर वाटलं, धाकटीकडून मूळ फोटो आला की काय. उघडून बघते तर माईंच्या गालावर बारीक इंद्रधनुषी पट्टे, आणि कपाळावर, अगदी मधोमध, बनियन घातलेले दादा. दोन्ही हातांत फोन, जिभेचं टोक बाहेर, एक डोळा मिटलेला. त्यांच्या मागे सोफ्यावर वहिनी बशीतून चहा पिताना. दादांनी केलं होतं असं की तो चारशे ठिपक्यांचा फोटो दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर लावला आणि समोर उभं राहून नव्या फोननं टीव्हीचा फोटो काढला. ठिपके होते भरपूर. त्यातले निम्मे बनियनचे होते.

मधलीनं वहिनींना बोलावून पडदा दाखवला. वहिनी पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, “हे छापलं असतंस तर मी माहेरी गेले असते. या वयात.”

दादा आले, त्यांनी बघितलं, आणि चिडले ते टीव्हीच्या काचेवर. मग तिथेच उभं राहून नवा हुकूम सोडला, यापुढे झाडात कुणाचंही प्रतिबिंब चालणार नाही. काच असो, चष्मा असो, स्टीलचं भांडं असो. दिसलं की पुसायचं. मधलीनं मान डोलावली. फिनाइलच्या बाटलीवर उमटलेल्या फोटोग्राफरांना पुसण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

दुपारी वहिनींनी तोडगा काढला. माईंचा ओळखपत्रासाठी काढलेला एक फोटो होता, स्टुडिओतला, स्वच्छ, हवे तेवढे ठिपके असलेला. त्यात माई अशा दिसत होत्या की कुणीतरी त्यांना पत्ता विचारलाय आणि तो त्या मुळीच सांगणार नाहीत. मधलीनं तो दहा इंचांत बसवून आप्पांना पडद्यावर दाखवला. आप्पा खुर्चीत बसले, खुर्ची कण्हली, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

आप्पांना विसर पडायला लागलाय की काय, असं दादांच्या तोंडावर आलं. पण आप्पांना काही विसर पडला नव्हता. ते उठता उठता म्हणाले की हिच्याबरोबर मी साठ वर्षं काढलेली नाहीत. ही नको, गोल रिकामा ठेवा.

रिकामा गोल. दहा इंचांचा, खोडाशी, आप्पांच्या शेजारी. ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकदमच उभं राहिलं असावं, कारण नंतरच्या पंधरा मिनिटांत मधलीला दोन माणसं एकेकटी भेटायला आली. पहिले दादा, जिन्यात. इकडेतिकडे बघत म्हणाले की मूळ फोटो कुणाकडे असेल ते तुला माहीतच आहे, तू मागून घे, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आणि तुमच्या वहिनीला तर मुळीच नको. मग वहिनी, स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तू तिच्याकडून आण, माझं नाव घेऊ नकोस, आणि यांना कळू देऊ नकोस. टेबलाभोवती ज्यांनी एकमेकांकडे बघून हात वर केले होते ते दोघं आता एकमेकांपासून लपवून एकच गोष्ट मागत होते. मधलीला वाटलं, बत्तीस वर्षांचा संसार म्हणतात तो हाच.

फोन करणं तिला जमेना. नंबर काढला, ठेवला, काढला. शेवटी ती उठून धाकटीच्या कामावरच गेली.

धाकटी गाडी चालवायला शिकवायची. छपरावर पिवळी पाटी लावलेली छोटी गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी होती, धाकटी शिकवणाऱ्याच्या सीटवर होती, आणि पुढचे दोन तास सगळे भरलेले होते. बोलायचं असेल तर मागे बसा, ती म्हणाली. मधली मागे बसली. स्टिअरिंगवर साठीच्या एक दंतवैद्य बाई होत्या. रोज लोकांच्या दाढा उपटायला त्या कचरत नसत, पण वळण आलं की डोळे मिटून घेत.

“बोला ताई,” धाकटी पुढे बघत म्हणाली. “यांची काळजी करू नका. यांना सध्या काहीच ऐकू येत नाही. क्लच, डॉक्टर.”

तीन वर्षांत ती थोडी जाड झाली होती आणि केस कापले होते. चांगली दिसत होती, आणि मधलीला त्याचा आनंद झाला आणि थोडा रागही आला, तो का ते तिला कळलं नाही.

“तुझं नाव झाडातून काढलंय,” मधली म्हणाली.

“कळलं. लेकीनं सांगितलं. तिचं पान म्हणे एकाच देठावर आहे. ब्रेक. डॉक्टर, तो ब्रेक नाही.”

“मतदान झालं. मी हात वर केला.”

गाडी गचकन थांबली. धाकटीनं आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक दाबला होता. मागून एक सायकलवाला काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

“किती वर?” धाकटीनं विचारलं.

“म्हणजे?”

“पूर्ण, की मीठ मागताना करतात तेवढा?”

आणि मधलीनं, बावन्न वर्षांच्या बाईनं, मागच्या सीटवर बसून खरोखरच हात करून दाखवला. कोपर बरगडीला चिकटलेलं, पंजा खांद्याच्या खाली. धाकटीनं आरशात बघितलं. दंतवैद्य बाईंनीही बघितलं. गाडी थांबलेली असल्यानं त्यांना आता ऐकू येत होतं.

“हा नाही धरत,” त्या म्हणाल्या. “आमच्या संघटनेत तरी असा हात धरत नाहीत.”

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते गिअर बदलताना आवरलं. गाडी पुन्हा निघाली. मधलीनं मग सगळं सांगून टाकलं. चारशे ठिपके, टीव्ही, बनियन, ओळखपत्रातल्या बाई, रिकामा गोल. कुणी पाठवलं तेही सांगितलं, दोघांची नावं घेऊन, कारण या गाडीत आणखी एक खोटं बोलायची तिची ताकद नव्हती. पुढच्या वळणाला धाकटीनं स्टिअरिंग एका बोटानं सावरलं आणि विचारलं, “किती मोठा छापणार?”

“दहा इंच.”

“मग मूळच लागेल.”

गाडी कडेला घेतल्यावर तिनं फोन काढला. मधली म्हणाली, फोटो म्हणून नको पाठवूस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर पुन्हा बारीक होईल. धाकटी म्हणाली की माहीत आहे, तुम्हीच शिकवलंय. बदल्यात तिनं काही मागितलं नाही. मधलीला वाटत होतं, मागावं काहीतरी, म्हणजे आपल्याला देता तरी येईल. धाकटी एवढंच म्हणाली की माईंचा तो दात नीट येऊ द्या.

उतरताना मधलीनं विचारलंच, “त्या कशाला हसल्या होत्या गं?”

“ते आमचं दोघींचं आहे,” धाकटी म्हणाली. “इंडिकेटर, डॉक्टर. डावा. तुमचा डावा.”

घरी येऊन मधलीनं जिन्याखालच्या खोलीचं दार लावलं आणि फाइल उघडली. तीन हजार गुणिले चार हजार. चेहऱ्यावर सुरकुत्या परत आल्या, हनुवटीवरचा केस परत आला. तुटका दात आला, टोकाला जरासा पिवळा. मग ती नेहमीच्या सवयीनं लेबल तपासतात तसं इंच इंच सरकत गेली. खांद्यावर एक धागा, तो पुसला. कानामागे साबणाचा पांढरा फेस, तो राहू दिला. आणि मग चष्म्याच्या डाव्या काचेत आली.

काचेत खिडकी होती. खिडकीच्या उजेडात एक बाई उभी होती, मसुराच्या दाण्याएवढी. एका हातात फोन, दुसरा हात कमरेवर, छाती पुढे काढलेली, एखाद्या सेनापतीनं गड जिंकल्यावर उभं राहावं तशी. डोक्यावर पिठाची चाळणी. तिरकी. कानापर्यंत ओढलेली.

मधली एकटीच हसली, खुर्ची कण्हेपर्यंत हसली. मीटरचा विनोद, नक्कल, स्टूल, घरातली तिन्ही मतं एका चाळणीत गळून पडली होती. माई हसल्या त्या हिला बघून. आणि मग तिला दादांचा हुकूम आठवला. काच असो, चष्मा असो.

डाग पुसायचं हत्यार तिनं उचललं. दोन टिचक्यांचं काम. शेजारचा खिडकीचा उजेड उचलायचा आणि त्या बाईवर ठेवायचा. शाम्पूच्या बाटलीवरून तिनं अशी किती माणसं पुसली होती, त्यांच्या घरच्यांना पत्ताही लागला नव्हता. पडद्यावरचं ते छोटं वर्तुळ तिनं धाकटीवर आणून धरलं. ते नेमकं चाळणीएवढंच होतं.

हात वर केला तेव्हाही एवढंच सोपं होतं, तिच्या मनात आलं. फक्त थोडासा हलवायचा होता.

तिनं हत्यार खाली ठेवलं. मग स्वतःलाच कारणं पुरवली. झाड म्हणजे गोल, आणि ही काही गोलात नाही, चष्म्यात आहे. चारशे ठिपक्यांत ही नव्हतीच; मोठं हवं, मोठं हवं असा धोशा दादांनीच लावला होता. कारणं चांगली होती. पटत एकही नव्हतं. फाइल तिनं तशीच पाठवली, आणि रात्रीच्या जेवणाला दादांनी चेहरा मिळाला का विचारलं तेव्हा ताटाकडे बघत म्हणाली, मिळाला, कुठून ते विचारू नका. दादा आणि वहिनी दोघांनीही विचारलं नाही, आणि दोघंही आपल्याच युक्तीवर खूश असल्यासारखे जेवले.

शनिवारी अकरा वाजता छपाईवालीकडे नमुना बघायला बोलावलं होतं. मधलीला वाटलं होतं, दादा आणि आपण जाऊ, पाच मिनिटांत उरकेल. पण आप्पा बूट घालून दारात उभे होते. सही मी करणार, ते म्हणाले. खोडाला माझा फोटो आहे. मग वहिनी कशा मागे राहतील.

छपाईखान्यात शाईचा आणि तापलेल्या कागदाचा वास होता. भिंतीला कागदाची रिळं टेकवलेली, मशीनवर कुणीतरी भाजीपाल्याची जाहिरात काढत होतं. छपाईवालीनं झाडाच्या खोडाचा तुकडा खऱ्या मापात छापून तक्त्यावर पसरला होता, शेजारी सगळ्या झाडाची छोटी प्रत. माई हसत होत्या. दहा इंच, एकही भोक नाही. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या की दात बघा, दात. दादा म्हणाले, सांगितलं होतं ना, ठिपके भरपूर हवेत. मग ते कागदावर वाकले आणि मधलीला विचारलं, “प्रतिबिंबं बघितलीस ना नीट?”

“बघितली,” मधली म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

छपाईवालीनं ठिपके तपासायचं आपलं भिंग पुढे केलं. आप्पांनी ते हातात घेतलं, नम्रपणे परत दिलं, आणि खिशातून स्वतःचं काढलं. काळं, नळीसारखं, डोळ्यात अडकवायचं घड्याळजीचं भिंग. कागदावर ते असे वाकले की कपाळ माईंच्या कपाळाला टेकायला आलं. केसांपासून सुरुवात केली. भुवया. मग उजवी काच.



मग डावी काच. तिथे आप्पा थांबले.

थांबले ते थांबलेच. वहिनींनी हळूच विचारलं, आप्पा, बरं वाटतंय ना? कारण आप्पांचे खांदे हलायला लागले होते. पण त्यांना काही झालं नव्हतं. ते वाकलेल्या अवस्थेतच, आवाज न करता, हसत होते. मग त्यांनी मान जराशी मधलीकडे वळवली, भिंग डोळ्यातच ठेवून, आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “चार वर्षांपूर्वी पिठाची चाळणी चेपली होती घरात. माई म्हणाली, माझ्या हातून पडली.”

मधलीनं मान हलवली.

“काय दिसतंय?” दादांनी विचारलं. “काही डाग आहे का? पुसता येतो. ती पुसते.”

दोन मिनिटांचं काम, छपाईवालीनंही दुजोरा दिला.

आप्पा सरळ उभे राहिले. भिंग काढलं, फुंकर मारली, डबीत ठेवलं, डबी खिशात ठेवली. घड्याळ दुरुस्त झाल्यावर ते असंच करायचे, गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

“यातला एक ठिपका कमी करायचा नाही,” ते म्हणाले.

दादा म्हणाले, नाही नाही, कमी कशाला करू. त्यांनी आपली यादी काढली, गोल मोजले, क्रमांक जुळवले, सात-अच्या जागेवरून बोट पटकन पुढे सरकवलं आणि यादीची घडी घातली. छपाईवालीनं मंजुरीचा कागद आणि पेन आप्पांपुढे ठेवलं. आप्पांचा नेहमीचा प्रश्न आज आला नव्हता. तो आपणच विचारावा असं दादांना वाटलं असावं, आपल्या कामाला शेवटचा शिक्का मिळावा म्हणून.

“बघून घ्या आप्पा,” ते म्हणाले. “सगळे आले ना?”

आप्पांनी पेनाचं टोपण काढलं.

“आता आले,” ते म्हणाले, आणि सही केली.